अख्ख्या गल्लीचे नळ मी खोलले

चहाचा कप आधी खाली ठेवा. नाही, खरंच ठेवा. मागे एका मैत्रिणीला हे सांगत होते, तर तिच्या नाकातून चहा आला आणि त्याचा ठपकाही तिनं माझ्यावरच ठेवला. एवीतेवी ठपक्यांचा माझ्याकडे साठा आहे, त्यात भर नको.

ठेवला? तर ऐका. गेल्या उन्हाळ्यात, भर मे महिन्यात, जळगावात, मी आमच्या अख्ख्या गल्लीला कोरडं पाडलं. चुकून नव्हे हां! अगदी पद्धतशीर. टप्प्याटप्प्यानं. शास्त्रशुद्ध!

मुळात दोष माझ्या घरच्यांचा आहे. (असं मी तेव्हा म्हणायचे. अजूनही अधूनमधून म्हणते.) आमच्या घरात एखादी वस्तू बंद पडली की काय होतं माहितीये? आई तिला दोन थपडा लावते. टीव्ही असो, मिक्सर असो, गॅसचा लायटर असो, औषध एकच. भाऊ, म्हणजे माझे वडील, आमच्याकडे वडिलांनाच भाऊ म्हणतात, ते बटण बंद करतात, चालू करतात, पुन्हा बंद करतात आणि मग पेपर वाचायला बसतात. आणि आजी, म्हणजे अक्का, अमळनेरकडच्या खेड्यातली, अजून अहिराणीतच बोलते, ती लांबूनच निदान करते, "नजर लागनी व माय मशीनले!" आणि मीठ-मोहरी आणायला उठते.

मी इंजिनिअर झालेली पोरगी. नुकतीच झालेली, म्हणजे तर विचारूच नका! ही अनागोंदी मी बघत बसू? मी घरात नियम लावून दिले. काहीही बिघडलं की आधी विचार करायचा, मग हात लावायचा. कुठपर्यंत सगळं ठीक आहे ते शोधायचं, कुठून पुढे बिघडलंय ते शोधायचं, म्हणजे चोर त्या दोघांच्या मधे सापडतो. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

आणि यश येत होतं हो! मिक्सर मी दुरुस्त केला. भाऊंचा फोन दुरुस्त केला. (तो बंद पडला नव्हता, विमान मोडवर होता. पण यश ते यश.) माझी मान इतकी ताठ झाली होती की उशी लागत नव्हती.

आता आमच्या पाण्याचं सांगायला हवं. आमच्याकडे नळ रोज येत नाही. काही दिवसांआड येतो, दुपारी चारच्या सुमाराला, आणि तासभर राहतो. पाण्याला जोर नसतो, म्हणून नळ असतो अंगणातल्या खड्ड्यात. जितका खड्डा खोल, तितकं पाणी जास्त, असा सगळ्यांचा विश्वास. त्यामुळे आमच्या गल्लीत प्रत्येक घरापुढे एक खड्डा, आणि नळ यायच्या दिवशी खड्ड्याभोवती हंडे, कळश्या, ड्रम आणि ताणलेले चेहरे.

त्या दिवशी नळाची पाळी होती. आणि दुसऱ्या दिवशी पाळी होती आमच्या बिबड्यांची.

बिबडे माहीत नसतील तर तुमची मला कीव येते. ज्वारीचे पापड म्हणा ना. पीठ भिजवून आंबवायचं, पहाटे भल्या मोठ्या पातेल्यात शिजवायचं, गरम गरम ओल्या फडक्यावर थापायचं आणि गच्चीवर वाळत घालायचं. एकटीदुकटीचं काम नाही ते. म्हणून गल्लीतल्या बायकांच्या पाळ्या असतात. आज हिच्याकडे सगळ्या जमतात, उद्या तिच्याकडे. आणि पाणी तर किती लागतं! पीठ शिजवायला पाणी, फडकी भिजवायला पाणी, पातेली घासायला पाणी.

आईचं पीठ आंबून तयार होतं. ते थांबणार नव्हतं. पाळी चुकली तर थेट शेवटी नंबर, आणि तोवर आभाळ यायला लागतं. शिवाय माझी ताई धुळ्याला दिलेली. तिच्या सासूबाईंना आईनं फोनवर ठणकावून सांगितलं होतं, "या वर्षी डबाभर पाठवते, बघा आमच्याकडचे बिबडे कसे होतात ते." मागच्या वर्षी त्या बाईंनी आईच्या बिबड्यांना "जाड" म्हटलं होतं. जाड! आईनं ते वर्षभर गिळलं होतं. सारांश काय, उद्याचे बिबडे म्हणजे बिबडे नव्हते, आईची अब्रू होती. आणि घरातला ड्रम होता ठणठणीत कोरडा.

चार वाजले. नळ नाही.

सव्वाचार. नाही. आई खड्ड्यात वाकून बघतेय, जशी काही विहिरीत पडलेली अंगठी शोधतेय.

"उशीर व्हयना व्हई," अक्का ओट्यावरून म्हणाली. "येई जाई पानी."

"येईल ना," भाऊ पेपरामागून म्हणाले.

माझं डोकंच फिरलं. "येईल म्हणजे काय? का येत नाहीये ते बघायला नको?"

"पाणी सोडणाऱ्याचा फोन लागत नाही," भाऊ म्हणाले, आणि त्यांनी पान उलटलं. बघा! प्रश्न सुटला!

मी चप्पल घातली आणि गल्लीत बाहेर पडले. उन्हानं डांबर मऊ झालेलं. पाहणी सुरू केली. शेजारी नळ? कोरडा. समोर? कोरडा. सलीमचाचांकडे? चाचा ग्रिलचं वेल्डिंग करतात, ते खड्ड्याच्या काठावर गुडघ्यात डोकं घालून बसले होते. कोरडा. आणि मग मी गल्लीच्या तोंडाशी आले. तिथे पहिलंच घर सुशीलाकाकींचं. मारवाडी माणसं, बाजारात कापडाचं दुकान. त्यांच्या फाटकातून मला काय दिसलं?

पाइप! जमिनीवरून वळवळत गेलेला हिरवा पाइप, आणि त्याच्या तोंडातून धो धो पाणी! खिडकीतल्या कूलरमध्ये पडतंय, कूलर भरून वाहतोय!

बस्स. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. काकींकडे पाणी आहे. पुढच्या घराला नाही. म्हणजे गल्लीच्या तोंडापर्यंत पाणी आलंय, आणि तिथून पुढे अडलंय. चोर दोघांच्या मधे!

काकींना हाक मारून एकदा विचारायचं? अहो, कशाला? समोर डोळ्यांना दिसतंय की! विचारत बसतात ती जुनी माणसं. आपण निरीक्षण करतो.

मी धावत परत आले. "आई, पाणी आलंय! लाइनमध्ये आहे! आपल्याकडे पोचत नाहीये, कारण मधे हवा अडकलीय!"

"हवा?"

"हवा! इतके दिवस लाइन रिकामी, तिच्यात हवा भरणार नाही तर काय भरणार? हवा बाहेर काढली की पाणी येणार. खड्ड्यातला जोड खोलावा लागेल."

"तीस वर्षांत कधी खोलला नाही तो जोड," भाऊ पहिल्यांदाच पेपर खाली ठेवत म्हणाले.

"म्हणूनच तर!"

"बस नं व पोरी," अक्का कळवळली, "कसाले खड्डामा उतरस? ऊन केवढं शे!"

पण मी ऐकते होय? सलीमचाचांकडून मोठा पाना आणला, खड्ड्यात उतरले, आणि लोंबकळून, दात खाऊन, पाय भिंतीला लावून तो जोड खोलला. कर्रर्र! गंजाचे पोपडे पडले. वायसर नावाच्या वस्तूचा चुरा हातात आला. पाइपाला कान लावला. शांत.

आता इथं शहाण्या माणसानं काय केलं असतं? मला माहीत नाही. मी तेव्हा शहाणी नव्हते, मी उत्साहात होते! माझा निष्कर्ष असा : एका घराचा जोड खोलून अख्ख्या लाइनची हवा कशी निघणार? सगळ्यांनी खोलायला हवेत. एकदम!

मी ओट्यावर चढून भाषण केलं. खोटं नाही सांगत. "काकू, काका, ऐका! सुशीलाकाकींकडे पाणी आहे, मी डोळ्यांनी बघितलंय. आपल्याकडे का नाही? आपण हातावर हात धरून बसतो म्हणून!"

हे वाक्य लागलं. विशेषतः "सुशीलाकाकींकडे आहे आणि आपल्याकडे नाही" एवढा भाग लागला. गल्लीत याहून मोठी प्रेरणा नसते.

"बेटा बराबर बोलतेय," सलीमचाचा उठले. "हवाच असणार. मी पण खोलतो!"

मग काय! जो तो खड्ड्यात. कुणी पाना घेऊन, कुणी पक्कड घेऊन, एक काकू तर लाटणं घेऊन उतरल्या. ते कशाला, हे मी आजतागायत विचारलेलं नाही. सगळीकडून कर्रर्र, खट्, "अगं माय!", पुन्हा कर्रर्र. मी या टोकापासून त्या टोकापर्यंत पळतेय, "उलटं फिरवा, काका! उलटं! चाचा, झालं का? पुढच्यांना मदत करा!" सेनापती झाले होते मी.

काकींना जोड खोलायची गरजच नव्हती. बाकी एकच घर राहिलं. आमच्या शेजारचे नाना. वरणगावच्या फॅक्टरीतून रिटायर झालेले, एकटेच राहतात. दुपारी फाटकाला आतून कुलूप घालतात आणि कूलर लावून झोपतात. आणि कूलर कसला? त्याला विमानतळावर ठेवला तर विमानं लाजतील. मी फाटक बडवलं. "नाना! ओ नाना!" आतून फक्त घरघर. कूलरची की नानांची, सांगता येईना.

"झोपा!" मी चिडून म्हणाले. "अशी माणसं झोपतात म्हणून कामं अडतात!"

आणि तेवढ्यात...

फुस्सऽऽऽ!

आमच्या खड्ड्यातून. मग शेजारच्या. मग समोरच्या. सगळ्या गल्लीभर, फुस्सऽऽ, फुस्सऽऽ!

"हवा!" मी किंचाळले. "हवा निघतेय! बघा! म्हटलं नव्हतं?"

आणि हवेपाठोपाठ पाणी! पाणी म्हणजे कसं, प्रत्येक खड्ड्यातून कारंजं! आई नाचायचीच बाकी होती. चाचांनी मला सलाम ठोकला. ती लाटणंवाली काकू म्हणाली, "शिकलेली पोर ती शिकलेली पोर!" भाऊंनी, माझ्या भाऊंनी, चष्मा काढून पुसला. अक्का टाळ्या वाजवत होती, "पानी उनं व माय, पानी उनं!"

मी कमरेवर हात ठेवून उभी होते. आयुष्यात त्यापेक्षा उंच मी कधी झाले नाही.

"चला, आता जोड लावून घ्या," मी म्हणाले. "पाणी वाया जातंय."

लावले. म्हणजे लावायला गेले. आता गंजून गेलेले जोड, वायसरांचा झालेला चुरा, आटे झिजलेले, त्यात पाण्याचा फवारा तोंडावर. लागतात होय? एकाचाही लागेना! खड्डे भरले. लाल पाणी उसळून अंगणात, अंगणातून गल्लीत, गल्लीतून गटारीत. कळशी कुठे लावणार? पाइपच खड्ड्यातल्या चिखलाखाली गेला!

आणि त्या गोंधळात गल्लीच्या तोंडाकडून कोण आलं? सुशीलाकाकी. चेहऱ्यावर आनंद.

"आलं गं बेटा एकदाचं पाणी! मी कधीची वाट बघतेय."

गल्लीभरचे पाने जागच्या जागी थांबले. फक्त कारंजी बोलत होती.

"काकी," माझा आवाज कुठून तरी लांबून आला, "तुमच्याकडे तर मघापासून येतंय ना? पाइपातून. कूलरमध्ये."

"ते होय? ते तर गच्चीवरच्या टाकीचं. नळ तर आत्ता आला, सगळ्यांकडे एकदमच आला. आज उशीर झाला ना थोडा?" मग त्यांनी गल्लीभर नजर फिरवली. "पण हे सगळे खड्ड्यात का उतरलेत?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मी पाइपाकडे बघत होते.

"तेजू," भाऊ हळूच म्हणाले, "हवा गेली का आता?"

पण रडायलाही वेळ नव्हता! पाणी तासभरच राहणार, आणि प्रत्येक मिनिटाला आईचे बिबडे गटारीत चाललेले. सुशीलाकाकींचा नळ थेट टाकीच्या मोटरला जोडलेला, तिथे कळशी लागत नाही. बाकी गल्लीत एकच नळ शाबूत होता. सांगा कुणाचा? नानांचा! कुलूपबंद फाटकाच्या आत! आणि सगळ्यांचे पाइप उघडे, म्हणून त्याला धार येत होती करंगळीएवढी.

मी फाटकावरून उडी मारली. ओढणी फाटकातच राहिली. आणि तिथूनच ओरडले, "सगळ्यांनी आपापले पाइप दाबून धरा! हातानं! इथं जोर यायला हवा!"

आणि हे दृश्य, मंडळी, मी मरेपर्यंत विसरणार नाही. माझे भाऊ, ज्यांनी आयुष्यात इस्त्री नसलेला शर्ट घातला नाही, ते बनियनवर, छातीभर चिखलात, पाइपावर तळहात दाबून खड्ड्यात बसले होते. शेजारी चाचा, दोन्ही अंगठे लावून. समोरच्या काकांनी पाइपात कांदा खुपसला आणि वर पायमोजा गुंडाळला. लाटणंवाल्या काकूंनी लाटणंच खुपसलं आणि वरून स्वतः बसल्या! गल्लीभर खड्ड्या-खड्ड्यात एकेक कर्ता माणूस, आणि त्या सगळ्यांवर ओरडणारी मी. "दाबा, भाऊ, दाबा! चाचा, तुम्ही जरा एक क्षण हात काढता का? म्हणजे जोर कुठून जातोय ते मला कळेल..."

"नाहीऽऽ!" सगळे खड्डे एका आवाजात ओरडले.

तेवढ्यात मी खिडकी बडवून बडवून नानांना उठवलं. ते लुंगी सावरत बाहेर आले. बघतात तर काय, फाटकाबाहेर सगळी गल्ली गोळा झालेली, बायका हंडे घेऊन, माणसं चिखलात बसलेली, आणि मी ओलीचिंब, बिनओढणीची, त्यांच्या अंगणात.

नानांचा चेहरा पांढरा पडला. "काय व्हयनं? कोन गया रे?"

"कुणी गेलं नाही, नाना! किल्ली द्या!"

"मंग बठ्ठी गल्ली मना दारसे कसाले उभी शे?"

फाटक उघडलं. रांग लागली. आई रांगेत सगळ्यांत शेवटी उभी राहिली. मी म्हटलं, "पुढे जा ना, उद्या आपल्याकडे बिबडे आहेत." तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी पुढचं वाक्य गिळलं. पोरीनं गल्लीचं पाणी घालवल्यावर आई पुढे कुठल्या तोंडानं जाणार?

तिचा नंबर आला तेव्हा धार थेंबांवर आली होती. अर्धी कळशी भरली. मग नळानं एक उसासा टाकला आणि संपला.

आई तशीच उभी होती, अर्धी कळशी कमरेवर. जमलेल्या बायकांना म्हणाली, "उद्याचं राहू द्या बायांनो. पीठ आंबलंय ते... बघू काय करायचं ते." आवाज साधाच होता. पण बायकांनी डोक्यावरचे हंडे खाली ठेवले. आणि मला, खरं सांगते, तेव्हा त्या खड्ड्यात कुणी पुरलं असतं तरी चाललं असतं.

"राहील कसं?" सुशीलाकाकी म्हणाल्या. "आंबलेलं पीठ फेकणार का तू? माझी टाकी भरलेली आहे ना. अगं तीच, हिनं बघितली ती! लांब पाइप लावू, तुझ्या दारापर्यंत येईल. ए चाचा, तुमच्याकडे पाइपाचा तुकडा आहे ना?"

"आहे ना, काकी. जोडतो."

"तुम्ही जोडा," काकी म्हणाल्या. "तुम्हीच. बाकी कुणी नाही."

पहाटे सगळ्या आल्या. लाटणंवाली पण आली. सगळ्यांनी थापलं, सगळ्यांनी मला यथेच्छ टोचलं, आणि गरम पिठावर तेल घालून खाताना तर माझ्या भाषणाची नक्कल अक्कानं करून दाखवली, हातवाऱ्यांसकट. बिबडे झाले. कसे झाले? धुळ्याहून फोन आला, "पातळ झालेत थोडे." आई दिवसभर गुणगुणत होती!

नवे वायसर आणून चाचांनी सगळ्यांचे जोडही लावून दिले. चला, म्हटलं, मिटलं सगळं. गल्लीनं माफ केलं. आणि कसं माफ केलं! पुढच्या नळाच्या दिवशी दुपारी सुशीलाकाकींचा निरोप, "तेजूला पाठवा, कचोरी केलीय." मी गेले. काय तो पाहुणचार! कचोरी झाली, सरबत झालं, लग्नाचा अल्बम झाला, मी उठायला लागले की काकी पुन्हा ताट भरायच्या. मला गहिवरून आलं. त्याच्या पुढच्या नळाला चाचांकडे शिरखुर्मा. सणबिण काही नसताना! त्याच्या पुढच्या नळाला लाटणंवाल्या काकूंकडे मांडे. एवढं मोठं मन असतं हो आपल्या जुन्या माणसांचं, आणि आपण उगीच त्यांच्यावर करवादतो! असं मी भरल्या तोंडानं म्हणत होते, तेवढ्यात बाहेरून कुणीतरी ओरडलं, "नळ गेले होऽऽ!"

काकूंनी माझ्या पुढ्यातलं ताट अल्लद उचललं.

"जा गं बाई आता घरी," त्या म्हणाल्या. "आमची पाळी संपली."

मी घरी येऊन आईला जाब विचारला. ती खो खो हसली. तिला सगळं माहीत होतं. म्हणजे, पाळ्या तिनंच लावून दिल्या होत्या!

संताप संताप झाला माझा. असा अपमान? इंजिनिअर पोरीचा? नळाच्या तासाला मला असं कोंडून ठेवतात, खाऊ घालून? मी सरळ पुढच्या पाळीवाल्यांकडे, नानांकडे, भांडायला गेले. फाटकातच त्यांना विचारलं, "नाना, परवा नळ आहे. मला बोलावणार आहात ना?"

"हाव," नाना खाली मान घालून म्हणाले. "शेवभाजी करी ऱ्हायनू."

"तिखट?"

"झणझणीत."

येते म्हणून सांगितलं.